स्टोअर्ड प्रोसिजरला पॅरामीटर पाठवताना गावाचं नाव अर्धं आणि वजन पूर्णांकात का जातं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिंपळगाव बसवंतच्या एका कांदा व्यापाऱ्यासाठी वेब ॲप्लिकेशन केलं आहे. पुढे सीशार्प आणि एएसपी डॉट नेट, मागे डेटाबेस म्हणून एसक्यूएल सर्व्हर. लिलावात घेतलेला प्रत्येक लॉट एका स्टोअर्ड प्रोसिजरमधून (डेटाबेसमध्येच साठवलेल्या, नावाने बोलावता येणाऱ्या एसक्यूएल कोडमधून) नोंदवला जातो. तिला पॅरामीटर म्हणून पुढच्या किंमती पाठवल्या जातात: शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन क्विंटलमध्ये, भाव, हमाली-तोलाई आणि तारीख. प्रोसिजरने पावती क्रमांक परत द्यायचा. कधी ‘पॅरामीटर पुरवलेला नाही’ असा एरर येतो. कधी एरर काहीच येत नाही, पण पावतीवर त्र्यंबकेश्वरचं ‘त्र्यंबकेश’ झालेलं असतं आणि २३.४५ क्विंटलचे २३. पावती क्रमांकही अनेकदा रिकामा येतो.

एरर येतो ती अडचण किरकोळ आहे, कारण तिथे काम थांबतं आणि चुकीची नोंद होत नाही. एरर न येता डेटा बदलतो ती अडचण गंभीर आहे, म्हणून आधी तिच्याकडे बघू.

प्रोसिजरच्या पॅरामीटरला जो प्रकार आणि जी लांबी जाहीर केलेली असते, त्यात आलेली किंमत एसक्यूएल सर्व्हर बसवतो. बसली नाही तर तक्रार करायची, हा नियम टेबलाच्या कॉलमला आहे, पॅरामीटरला नाही. कॉलम १० वर्णांचा असेल आणि तुम्ही १३ वर्ण घालायला गेलात, तर ‘मजकूर कापला जाईल’ असं सांगून सर्व्हर नोंद नाकारतो. पण पॅरामीटर १० वर्णांचा असेल तर प्रोसिजरमध्ये शिरतानाच मजकूर १० वर कापला जातो, कॉलमपर्यंत कापलेलंच नाव पोहोचतं आणि कॉलमला त्यात काहीच वावगं दिसत नाही.

मराठीत हे लवकर घडतं, कारण लांबी आपण डोळ्याने मोजतो. त्र्यंबकेश्वर वाचताना पाच अक्षरं दिसतात: त्र्यं, ब, के, श्व, र. एनव्हारचार हा मजकुराचा डेटाप्रकार मात्र युनिकोडचे वर्ण मोजतो. त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार, ब, क, एकाराची मात्रा, श, हलन्त, व, र असे ते १३ होतात. दहावा वर्ण ‘श’, म्हणून पावतीवर ‘त्र्यंबकेश’. लासलगाव ७ वर्णांचं असल्याने चाचणीत सुखरूप जातं. पिंपळगाव बसवंत मधल्या जागेसह १४ वर्णांचं, त्याचं ‘पिंपळगाव ब’ उरतं. गावासाठी १०० आणि शेतकऱ्याच्या पूर्ण नावासाठी २०० लांबी ठेवा. एनव्हारचार लागेल तेवढीच जागा घेतो, त्यामुळे इथे काटकसर करून काही वाचत नाही.

दुसरी जागा सीशार्पच्या बाजूला आहे. पॅरामीटर तयार करताना साइझ दिला आणि तो प्रत्यक्ष मजकुरापेक्षा कमी पडला, तर ड्रायव्हर, म्हणजे सीशार्पला एसक्यूएल सर्व्हरशी जोडणारी लायब्ररी, मजकूर कापूनच सर्व्हरकडे पाठवतो. तोही काही न बोलता. म्हणजे कॉलम, प्रोसिजरचा पॅरामीटर आणि कोडमधला साइझ या तिन्ही ठिकाणी एकच आकडा हवा. कॉलम वाढवला आणि प्रोसिजर तशीच राहिली, हा प्रकार फार वेळा दिसतो. आणि प्रोसिजरमध्ये नुसतं व्हारचार (युनिकोड नसलेला मजकूर-प्रकार) किंवा एनव्हारचार लिहून लांबी द्यायची राहिली, तर लांबी १ धरली जाते. ‘निफाड’चा फक्त ‘न’ साठवला गेला असेल तर कारण बहुधा हेच.

नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल तर लांबीचा संबंध नाही. पॅरामीटर व्हारचार आहे, कोलेशन (मजकुराचा वर्णसंच आणि क्रमवारी ठरवणारी सेटिंग) लॅटिन आहे आणि देवनागरी त्यात मावत नाही. एसक्यूएल सर्व्हर २०१९ पासून यूटीएफ-८ कोलेशन आहे, पण चालू डेटाबेसचं कोलेशन बदलणं हे मोठं काम. साधा मार्ग म्हणजे कॉलम आणि पॅरामीटर दोन्ही एनव्हारचार करणं. फक्त एक बाजू बदलून भागत नाही. वाटेत एकाही ठिकाणी व्हारचार राहिला तर प्रश्नचिन्हं होतात, आणि एकदा झालेल्या प्रश्नचिन्हांतून मूळ मजकूर परत मिळत नाही.

आता वजन. प्रोसिजरमध्ये पॅरामीटर नुसता डेसिमल लिहिला की त्याचा अर्थ १८ अंकी आणि दशांशानंतर शून्य जागा असा होतो. २३.४५ आत येताच २३ होतात. गेलेले ०.४५ क्विंटल म्हणजे ४५ किलो कांदा. १,८५० रुपये क्विंटल भावाने शेतकऱ्याचे ८३२ रुपये ५० पैसे कमी लागले. भाव १,८५०.५० असेल तर तो १,८५१ होतो आणि इथे व्यापाऱ्याचं नुकसान. वजनाला ९ अंकी आणि दशांशानंतर २ जागा पुरतात, कारण ०.०१ क्विंटल म्हणजे १ किलो. भावाला १० अंकी, २ जागा. रकमेला १४ अंकी, २ जागा. पैशासाठी फ्लोट हा अंदाजे किंमत ठेवणारा प्रकार वापरू नका. बेरजेत पैशांचा फरक पडतो आणि तो शोधत बसावं लागतं.

प्रोसिजरने प्रत्यक्षात काय जाहीर केलं आहे हे सिस डॉट पॅरामीटर्स या कॅटलॉग व्ह्यूमध्ये, म्हणजे सर्व्हरने स्वतः ठेवलेल्या यादीत, दिसतं. नाव, प्रकार, कमाल लांबी, प्रिसिजन (एकूण अंक), स्केल (दशांशानंतरच्या जागा). लांबी तिथे बाइटमध्ये असते, त्यामुळे १० वर्णांचा एनव्हारचार २० दिसेल. तीच यादी सिस डॉट कॉलम्सशी लावून बघितली की सगळे तफावतीचे पॅरामीटर एका क्वेरीत सापडतात. प्रत्येक प्रोसिजर उघडून डोळ्याने तपासण्यापेक्षा हे करा.

‘पॅरामीटर पुरवलेला नाही’ हा २०१ क्रमांकाचा एरर. तुम्ही पॅरामीटर जोडलेला असूनही तो येतो, म्हणून गोंधळ होतो. कारणं तीन.

पहिलं, कमांडटाइप. एसक्यूएलकमांडला (सर्व्हरला काम सांगणाऱ्या ऑब्जेक्टला) प्रोसिजरचं नाव दिलं, पण कमांडटाइप स्टोअर्डप्रोसिजर करायचं राहिलं. मूळ किंमत टेक्स्ट असते. मग तुमचं नाव एक साधी एसक्यूएल ओळ म्हणून चालवलं जातं, पॅरामीटर त्या ओळीसोबत जातात पण प्रोसिजरच्या हाती लागत नाहीत. जोडलेले सगळे पॅरामीटर कोडमध्ये डोळ्यासमोर असतात, म्हणून हे कारण शेवटी सुचतं. ते सगळ्यात आधी बघा.

दुसरं, सीशार्पचा नल, म्हणजे ‘किंमतच नाही’ ही खूण. पॅरामीटरच्या व्हॅल्यूला नल दिला तर ड्रायव्हर ‘किंमत दिलेली नाही’ असं समजतो, आणि प्रोसिजरमध्ये डिफॉल्ट (किंमत न दिल्यास लागणारी किंमत) नसेल तर २०१ येतो. डेटाबेसचा नल पाठवायचा असेल तर डीबीनल डॉट व्हॅल्यू द्यावा लागतो. याच्या उलट बाजूही लक्षात ठेवा: प्रोसिजरमध्ये डिफॉल्ट असलेल्या पॅरामीटरला डीबीनल पाठवला तर डिफॉल्ट लागत नाही, खरोखर नल जातो. हमालीचा डिफॉल्ट दर प्रोसिजरमध्ये ठेवला असेल आणि पावतीवर हमालीची रक्कम रिकामी येत असेल तर हेच झालं आहे. डिफॉल्ट हवा असेल तेव्हा तो पॅरामीटर जोडूच नका.

तिसरं कारण फसवं आहे. पॅरामीटर बनवणाऱ्या एसक्यूएलपॅरामीटर क्लासच्या कन्स्ट्रक्टरला नाव आणि थेट ० हा आकडा दिला, उदाहरणार्थ हमाली शून्य, तर सीशार्प त्या ० ला किंमत समजत नाही. दोन अर्ग्युमेंटचा दुसरा एक कन्स्ट्रक्टर आहे, नाव आणि डेटाप्रकार घेणारा, आणि लिखित ० आपोआप त्या डेटाप्रकारांच्या एनममध्ये (ठरावीक नावांच्या यादीत) बसतो म्हणून तोच निवडला जातो. पॅरामीटर बिगइंट प्रकाराचा होतो आणि किंमत नल राहते. १ दिला तर सगळं सुरळीत, ० दिला की एरर. उपाय: शून्याला आधी ऑब्जेक्टमध्ये कास्ट करा, किंवा प्रकार स्पष्ट देऊन व्हॅल्यू वेगळी लिहा. दुसरी सवय जास्त चांगली.

प्रकार स्पष्ट देण्यावरून फक्त नाव आणि किंमत घेणाऱ्या ॲडविथव्हॅल्यूचा विषय निघतो. ही मेथड वापरू नका असं सगळीकडे वाचायला मिळतं. त्याचं मोठं कारण थेट लिहिलेल्या क्वेरीचं आहे: स्ट्रिंग एनव्हारचार म्हणून जाते, कॉलम व्हारचार असतो, कॉलमचं रूपांतर करावं लागतं आणि इंडेक्स नीट वापरला जात नाही. स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये किंमत आधी प्रोसिजरच्या प्रकारात बदलते, त्यामुळे ही अडचण उंबऱ्यावरच संपते. तरीही प्रकार, साइझ, प्रिसिजन आणि स्केल स्वतः लिहावेत असंच माझं मत आहे. कोड वाचणाऱ्याला प्रोसिजर न उघडता कळतं की वजनाला दोन दशांश जागा आहेत.

प्रोसिजर ‘जादा अर्ग्युमेंट’ म्हणत असेल तर तो ८१४४, ‘असा पॅरामीटरच नाही’ म्हणत असेल तर ८१४५. ८१४५ मध्ये नाव चुकलेलं असतं. ८१४४ बऱ्याचदा असा येतो: कमांड ऑब्जेक्ट लूपच्या बाहेर तयार केला, लूपमध्ये दर लॉटला पॅरामीटर पुन्हा जोडले आणि आधीचे काढले नाहीत. पॅरामीटर एकदाच जोडा, लूपमध्ये फक्त व्हॅल्यू बदला.

फॉर्ममधल्या रिकाम्या चौकटीकडे वेगळं लक्ष द्या. रिकामी स्ट्रिंग तशीच पुढे ढकलली तर पॅरामीटरच्या प्रकाराप्रमाणे तीन वेगळी फळं मिळतात. पूर्णांक असेल तर ० साठतो. तारीख असेल तर १ जानेवारी १९०० साठते. डेसिमल असेल तर रूपांतराचा एरर, ८११४. पहिल्या दोन्हींत नोंद बिनबोभाट होते. रिकामं म्हणजे नल की शून्य, हे सीशार्पमध्येच ठरवा आणि स्ट्रिंग कधीही आकड्याच्या पॅरामीटरला देऊ नका.

मराठी कीबोर्डवर अडत्याच्या दिवाणजीने ‘१८५०’ असा भाव देवनागरी अंकांत टाकला तर काय होतं हेही बघून ठेवा. डॉट नेटमध्ये ‘चार’ (char) या प्रकाराचं इझडिजिट देवनागरी अंकाला होकार देतं, रेग्युलर एक्स्प्रेशनमधली अंकाची खूणही तो जुळवते, पण डेसिमल डॉट पार्स फक्त इंग्रजी अंक (0 ते 9) ओळखतं. तपासणी पार, रूपांतर नापास. पार्स करण्यापूर्वी दहा अंकांचं रूपांतर करणारी चार ओळींची मेथड लिहा. पायथनचा इंट आणि जावाचा पार्सइंट देवनागरी अंक स्वीकारतात, त्यामुळे तिकडून आलेल्यांना इथे अपेक्षाभंग होतो.

तारखेबद्दल एकच नियम: स्ट्रिंग पाठवू नका, डेटटाइम पाठवा. ०३/०४/२०२५ ही ३ एप्रिल की ४ मार्च हे सर्व्हरवरच्या लॉगिनच्या भाषेवर ठरतं. स्ट्रिंग देणं भागच असेल तर वर्ष-महिना-दिवस सलग आठ अंकांत, मधे काहीही न घालता; डॅश घातलेलं रूपसुद्धा जुन्या डेटटाइम प्रकारासाठी काही भाषांत उलटं वाचलं जातं. न भरलेली तारीख सीशार्पमध्ये वर्ष १ असते, आणि डेटटाइम १७५३ पासून सुरू होतो, म्हणून ‘तारीख मर्यादेबाहेर’ असा एरर मिळतो. महिन्याच्या अहवालात शेवटची वेळ २३:५९:५९.९९९ पाठवू नका. डेटटाइम ती पुढच्या दिवसाच्या शून्य वाजण्यावर गोल करतो आणि १ तारखेचा पहिला लॉट मागच्या महिन्यात मोजला जाऊ शकतो. ‘पासून’ समाविष्ट आणि ‘पुढच्या महिन्याच्या १ तारखेच्या आधी’ असे दोन पॅरामीटर ठेवा.

आता परत येणारा पावती क्रमांक. आउटपुट हा शब्द प्रोसिजरच्या व्याख्येत हवा आणि कोडमध्ये डायरेक्शनही आउटपुट हवं. एक विसरलं तर क्रमांक येत नाही. आउटपुट स्ट्रिंग असेल तर साइझ द्यावाच लागतो, नाहीतर ‘साइझ ० चालत नाही’ असं ड्रायव्हर सांगतो. आउटपुट डेसिमल असेल तर प्रिसिजन आणि स्केल द्या, नाहीतर इतकं सांभाळलेले पैसे परतीच्या वाटेवर गळतात. आणि तुमच्या रिकाम्या क्रमांकाचं बहुधा खरं कारण: प्रोसिजर ओळीही परत करते, तुम्ही डेटारीडर (त्या ओळी एकेक करून वाचणारा ऑब्जेक्ट) उघडता आणि तो बंद करण्याआधीच आउटपुट वाचता. आउटपुटच्या किंमती सगळ्या ओळींच्या मागून येतात. रीडर बंद करा, मग वाचा.

आउटपुटऐवजी स्कोप आयडेंटिटी (नुकत्याच झालेल्या नोंदीचा, सर्व्हरने आपोआप वाढवलेला आयडेंटिटी क्रमांक) सिलेक्ट करून एकच किंमत वाचणाऱ्या एक्झिक्यूटस्केलरने घेणार असाल तर ती किंमत इंट नसते, डेसिमल येते. थेट इंटमध्ये कास्ट केली की एरर. कन्व्हर्ट वापरा. ॲट-ॲट-आयडेंटिटी घेऊ नका, टेबलावर ट्रिगर (नोंद होताच आपोआप चालणारा कोड) असेल तर तो दुसऱ्याच टेबलाचा क्रमांक देईल. रिटर्न व्हॅल्यू फक्त पूर्णांक असते, ती यश-अपयशाच्या खुणेपुरती ठेवा. प्रोसिजरमध्ये सेट नोकाउंट ऑन (किती ओळी बदलल्या ते न कळवण्याची सूचना) असेल तर एक्झिक्यूटनॉनक्वेरी -१ देतं. ‘शून्यापेक्षा जास्त आला तरच नोंद झाली’ अशी तपासणी त्यामुळे कायम खोटी ठरते, आणि मग वैतागून कुणीतरी पुन्हा सेव्ह दाबतो.

पावती क्रमांक आयडेंटिटीवर अवलंबून असेल तर हेही सांगायला हवं: एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून सर्व्हर अचानक बंद पडल्यावर इंट आयडेंटिटी १,००० ने उडी मारू शकते. हिशेबात सलग क्रमांक लागत असतील तर क्रमांकाचं वेगळं टेबल ठेवा आणि लॉटच्या नोंदीसह एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल किंवा काहीच नाही अशा गटात) एका अपडेटने वाढवा. ‘सर्वांत मोठा अधिक एक’ काढू नका. दोन काउंटरवर एकाच क्षणी तोच क्रमांक फुटतो.

दिवसअखेर शे-दीडशे लॉट एकदम पाठवायचे असतील तर प्रोसिजर दीडशे वेळा बोलावण्याऐवजी टेबल पॅरामीटर (अनेक ओळी एकदम नेणारा पॅरामीटर) वापरा. ही सोय एसक्यूएल सर्व्हर २००८ पासून आहे. डेटाबेसमध्ये टेबल टाइप बनवा, प्रोसिजरमध्ये तो रीडओन्ली जाहीर करा, कोडमध्ये प्रकार स्ट्रक्चर्ड आणि टाइपनेममध्ये त्या टाइपचं नाव द्या. इथली ठेच अशी की डेटाटेबलचे कॉलम नावाने जुळत नाहीत, क्रमाने जुळतात. टाइपमध्ये आधी वजन आणि मग भाव असेल, डेटाटेबलमध्ये उलट असेल, तर दोन्ही डेसिमल असल्यामुळे १,८५० क्विंटल कांदा २३ रुपये भावाने विनातक्रार नोंदला जाईल. गुणाकार तोच येतो, म्हणून रकमेच्या तपासणीतही हे पकडता येत नाही. वजनाच्या कॉलमवर चेक कन्स्ट्रेंट लावा. एका ट्रॉलीत मावेल त्याहून जास्त वजन आलं की नोंद नाकारली गेली पाहिजे.

सुरक्षेबद्दल एक गैरसमज दूर करतो. स्टोअर्ड प्रोसिजर वापरली म्हणजे एसक्यूएल इंजेक्शन (वापरकर्त्याच्या मजकुरातून घुसवलेली एसक्यूएल आज्ञा) टळलं असं नाही. प्रोसिजरला बोलावणारी ओळच स्ट्रिंग जोडून केली असेल तर धोका आहे. पॅरामीटर नीट पाठवूनही प्रोसिजरच्या आत तो मजकूर जोडून डायनॅमिक क्वेरी चालवली असेल तरी तोच धोका, फक्त एक पायरी आत. आत डायनॅमिक लागलंच तर एसपी एक्झिक्यूटएसक्यूएलला पुन्हा पॅरामीटर म्हणूनच द्या. क्रमवारीच्या कॉलमचं नाव पॅरामीटर होऊ शकत नाही; ते ठरावीक नावांच्या यादीतूनच निवडा.

‘मॅनेजमेंट स्टुडिओत अहवाल लगेच येतो, वेबवर ३० सेकंदांनी टाइमआउट होतो’ ही पुढची तक्रार तुमच्याकडे येईलच. ३० सेकंद ही कमांडची मूळ मुदत आहे. ती वाढवणं हा उपाय नाही. पहिल्यांदा आलेल्या पॅरामीटरवर क्वेरी प्लॅन (ओळी कशा शोधायच्या याची योजना) ठरतो आणि नंतर तोच वापरला जातो. सकाळी पहिला अहवाल मोजके लॉट असलेल्या एखाद्या वाडीचा काढला, मग लासलगावचा मागितला, तर हजारो ओळींना त्या चार ओळींसाठी केलेला प्लॅन लागतो. मॅनेजमेंट स्टुडिओत (एसक्यूएल सर्व्हर हाताळायच्या साधनात) अरिथअबॉर्ट हे सेटिंग ऑन असतं, ॲप्लिकेशनमधून ऑफ. म्हणून दोघांचे प्लॅन वेगळे आणि तुम्हाला दोष सापडत नाही. स्टुडिओत आधी ते ऑफ करून बघा. अहवालाच्या त्या एका क्वेरीला ऑप्शन रीकंपाइल (दर वेळी नवा प्लॅन बनवण्याची सूचना) लावा, विशेषतः ‘गाव नल असेल तर सगळी गावं’ अशा ऐच्छिक अटी असतील तर. लॉट नोंदवणाऱ्या प्रोसिजरला ते लावायचं कारण नाही.

दुसऱ्या ड्रायव्हरकडे कधी गेलात तर एवढं सांभाळा. ओलेडीबी आणि ओडीबीसी पॅरामीटर नावाने नाही, क्रमाने जुळवतात. ओरॅकलचा ओडीपी डॉट नेटही बाइंडबायनेम चालू करेपर्यंत क्रमानेच. एंटिटी फ्रेमवर्क कोअरमध्ये कच्ची एक्झेक ओळ लिहिताना आउटपुट हा शब्द ओळीतही लिहावा लागतो. पीएचपीतून मायएसक्यूएलची प्रोसिजर बोलावली की एक जादा निकालसंच मागे राहतो, तो बंद केल्याशिवाय पुढची क्वेरी चालत नाही.

शेवटी आधीच बिघडलेल्या नोंदी. गावाच्या कॉलममध्ये डेटालेंथ (बाइटमधली लांबी) बरोबर २० असलेल्या ओळी काढा. लेन (वर्ण मोजणारं फंक्शन) वापरू नका, ते शेवटची मोकळी जागा मोजत नाही आणि दहावा वर्ण मोकळी जागा असलेली नावं निसटतात. त्या यादीत बरोबर १० वर्णांची खरी गावंही येतील, पण वेगवेगळी नावं काढली की हाताने दुरुस्त करण्याइतकी थोडीच उरतील. वजनाचं तसं नाही. २३ हे मुळात २३ होतं की २३.४५, हे डेटाबेसला आता माहीत नाही. प्रोसिजर बदलल्याच्या तारखेपूर्वीचे सगळे लॉट काट्याच्या पावत्यांवरून पुन्हा भरा, आणि ज्या शेतकऱ्यांचं वजन कमी लागलं त्यांच्या फरकाची यादी रकमेसह व्यापाऱ्याच्या हातात द्या.